खरेदीबाई

देवगड-जामसंड्यात राहून हापूस न खाणारी एकच बाई मी पाहिली. मधुमेह नव्हता, पित्त नव्हतं, नवस नव्हता. एप्रिल उजाडला की आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आंबा देणं म्हणजे पाणी देण्यासारखं. नाही म्हटलं तर देणाऱ्याला लागतं. खरेदीबाई सरळ नाही म्हणत. ताटाकडे न बघता, हात मांडीवर ठेवून म्हणत, "माका नुको. वास येता." आंब्याला वास येतो म्हणून आंबा न खाणारं माणूस देवगडात राहायला आलंय, ही गोष्ट पहिल्या वर्षी बागायतदारांच्या ओट्यांवर फार चवीने सांगितली गेली. त्या वासामागचं कारण पुढे ज्या मोजक्या लोकांना कळलं, त्यांतली मी एक. कळल्यानंतर त्यांच्यासमोर मीही कधी आंबा कापला नाही.

त्यांचं खरं नाव सेवेरीना लोबो. जन्म जामसंड्याचा, शिक्षण गोव्यात मावशीकडे, पहिली नोकरी मुंबईत, आणि तिथून त्या एका मोठ्या जागतिक संस्थेत लागल्या त्या थेट आफ्रिकेत. लढाईमुळे किंवा दुष्काळामुळे घर सोडून आलेल्या लोकांच्या छावण्या असतात. त्या छावण्यांसाठी ब्लँकेटं, चटया, बादल्या, साबण, मच्छरदाण्या विकत घेणाऱ्या विभागात त्या होत्या. नव्याण्णव साली मुदतीआधी निवृत्त होऊन परत आल्या आणि चर्चच्या वाटेवर दोन खोल्यांचं घर घेऊन एकट्या राहू लागल्या. तिकडे काय करायचीस, असं शेजारणींनी विचारलं, तेव्हा "खरेदी" एवढंच उत्तर मिळालं. बाजारहाट करायचा कोणी पगार देतं हे ऐकून वाडी हसली, आणि नाव पडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावल्या नाहीत. कामावरून पडलेलं नाव खरं असतं, असं म्हणाल्या.

त्यांच्याबरोबर देवगडच्या बाजारात जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला असं समजायचं. शाल घ्यायची असली तर काठाचा धागा ओढून त्याला काडी लावत. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. धागा प्लॅस्टिकसारखा वितळून त्याची गोळी झाली, तर ती गोळी दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवून बाहेर पडत. ढिगावरची वस्तू कधी उचलत नसत, मधली काढायला लावत. कारण विचारलं तर म्हणत, "वरचो माल दाखवक असता गो, मधलो विकूक." आणि कोणत्याही वस्तूपाशी त्यांचे प्रश्न दोनच. हे केलं कोणी? आणि वापरून झाल्यावर हे जाणार कुठे? एका बादलीवाल्याने त्यांना म्हटलं की तुमच्या घराक जातलां, आणखी खंय जातलां? सगळा बाजार हसला, त्याही हसल्या. बादली मात्र घेतली नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती काथ्यामुळे. मी आमच्या महिला काथ्या संस्थेची सचिव. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, कुजवायची, झोडायची, धागा काढून दोर आणि पायपुसणी करायची, असं साधं काम. बाई एके दिवशी न विचारता आमच्या शेडमध्ये आल्या, काथ्याची एक लड उचलून तिच्यात नाक खुपसलं, आणि हे खाडीत कुजवता काय, म्हणून विचारलं. पिढ्यान्‌पिढ्या खाडीतच कुजवत आलेल्या बायकांना प्रश्नच कळेना. मग त्या आम्हाला खाडीवर घेऊन गेल्या. पाणी काळं पडलेलं, शिंपल्या मेलेल्या. त्याच काठावर आमच्यातल्याच दोघीतिघींच्या सासवा तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला बसायच्या. बाईंनी काही भाषण केलं नाही. तिथे उभं राहून आम्हाला ते बघू दिलं, बस. पुढच्या पावसाआधी आम्ही सोडणं कुजवायला सिमेंटची टाकी बांधली. बायका कुरकुरल्या, पण बांधली.

त्यांच्या बोलण्याची एक खूण आम्ही सगळ्या लवकरच शिकलो. मालवणीत त्या ओरडल्या तरी भ्यायचं कारण नसे. त्या ओरडण्यात माया होती, शेवटी हातावर खोबऱ्याची वडीही पडे. पण त्या शुद्ध मराठीत बोलायला लागल्या की समजायचं, समोरच्याचं काही खरं नाही. आवाज खाली येई, शब्द सुटे सुटे होत, आणि माणूस 'तू'चा 'तुम्ही' होई. संस्थेच्या वर्धापनदिनाला कोणीतरी थर्माकोलच्या ताटल्या आणल्या. बाईंनी त्या बघितल्या आणि अध्यक्षीणबाईंना म्हणाल्या, "आपण काथ्याची संस्था आहोत ना?" एवढंच. ताटल्या तशाच परत गेल्या. अध्यक्षीणबाई स्वतः केळीची पानं कापायला गेल्या.

आंब्याची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती त्यांच्या ओटीवर, एका दुपारी. शेजारच्या बागेत पेट्यांना खिळे ठोकणं चाललं होतं आणि त्यांना तो आवाज सहन होत नव्हता.

छावणी उंचावर होती, गारठा भयंकर. ब्लँकेटांचा नमुना आला तो उत्तम, दाट विणीचा. प्रत्यक्ष माल आला तो चिंध्यांपासून केलेला, आणि चिंध्यांचा कुजकट वास दाबायला कसल्याशा औषधात बुडवलेला. ओल लागली की ते औषध सुटायचं. पोरांच्या माना, पाठी सोलून निघाल्या. बाईंनी मधल्या गठड्या फोडल्या, माल अडवला, वरिष्ठांना कळवलं. त्या वरिष्ठांनीच या पुरवठादाराला पसंती दिलेली होती. पुरवठादार मुंबईचा. काही दिवसांपूर्वी तो स्वतः येऊन गेला होता, बाई देवगडच्या आहेत असं कळल्यावर गोड हसला होता, आणि बाई जागेवर नसताना त्यांच्या टेबलावर हापूसची पेटी ठेवून गेला होता. बाईंनी ती त्याच दिवशी शिपायाबरोबर त्याच्या हॉटेलवर परत धाडली. "पेटी भितर येताना सगळ्यांनी बगल्यानी," त्या म्हणाल्या. "परत जाताना कोणीच बगूक नाय."

पुढे चौकशी झाली ती ब्लँकेटांची नाही, पेटीची. भेट घेतली, दुसरी मिळाली नाही म्हणून तक्रार केली, असं ठरलं. आणि वर, या बाई फार हट्टी, वस्तू कोणी केली नि कुठे जाणार असले नको ते प्रश्न काढून खरेदीला उशीर करतात, हेही. गुपचूप निवृत्त झालात तर बोभाटा करणार नाही, असं त्यांना समजावण्यात आलं. अडवलेली ब्लँकेटंही वाटली गेली. दुसरी नव्हतीच. थंडीत पोराच्या अंगावरून ते काढायचं की ठेवून रात्रभर खाजवत बसू द्यायचं, एवढीच निवड त्या आयांच्या हातात होती. बाई हे सांगताना रडल्या नाहीत. मला वाटतं, रडल्या असत्या तर त्यांचा राग थोडा पातळ झाला असता, आणि तेच त्यांना नको होतं. उठताना म्हणाल्या, "लोक म्हणतत विसर. मी कित्याक विसरू? माझ्याशिवाय ह्यां लक्षात ठेवणारा आसा कोण?"

दोन हजार सात साली, बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गोव्यात बहिणीकडे गेल्या असताना, आमच्या शेडसमोर एक पांढरी गाडी थांबली. मुंबईचे एक शेट उतरले. एका जागतिक संस्थेला छावण्यांसाठी काथ्याच्या चटया हव्या होत्या. संस्थेने आता नवे नियम केले होते. प्लॅस्टिक नको. वस्तू नैसर्गिक हवी, बनवणाऱ्यांना नीट मोबदला मिळायला हवा, पाण्यामातीला अपाय नको, वापरून झाल्यावर कुजून जाईल असं हवं. शेट हे नियम मला इतक्या गोडीने समजावत होते की मला बाईंची आठवण येऊन हसू आलं. ज्या प्रश्नांपायी बाईंना हट्टी म्हणून घरी बसवलं, ते प्रश्न आता कायदा झाले होते. त्या कायद्याचं पीक कापायला पहिला कोण पोचला होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

काम मिळालं. आमच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम. शेडमध्ये दिवसभर हात चालू झाले, घरी पुरुषमाणसं चहा करून ठेवू लागली. थोड्याच दिवसांत शेटांनी सांगितलं की इतर संस्थांच्याही चटया येतात, त्यांना पट्ट्या शिवायला तळेऱ्याच्या गोदामात बायका हव्यात. पट्टीवर छापलेलं होतं की ही चटई कोकणातल्या महिलांनी हाताने विणली आहे. टेम्पो सकाळी न्यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. इतर संस्था कुठल्या, हे आम्ही विचारलं नाही. रोजची मजुरी हातात पडत होती.

बाई गोव्याहून परतल्या त्या डोळ्यावर काळा चष्मा लावून. भेटायला आम्ही दोघी गेलो, मी आणि सुलभा. सुलभा आमच्यातली सगळ्यांत चलाख विणकरीण, तळेऱ्याला रोज जाणारी. तिने बाईंच्या हातात फुलं दिली. बाईंनी फुलं बाजूला ठेवली, तिचा हात तसाच धरून ठेवला, उलटा केला, सुलटा केला. बोटांची सालं निघाली होती. मग त्यांनी तो हात नाकाशी नेला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी चष्मा काढला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "नीता, या शेटांचं नाव काय?"

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा परत चढवला. आम्हाला जेवून जायला लावलं. बांगड्याचं तिखलं केलं होतं, ते आग्रह करकरून वाढलं. सुलभाच्या हाताला खोबरेल लावून दिलं. मला वाटलं प्रकरण तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत बायकांच्या मधोमध जुनं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन खरेदीबाई बसलेल्या. मी पहिल्यांदा ओळखलंच नाही.

त्या तळेऱ्याला दिवसभर पट्ट्या शिवत बसल्या. संध्याकाळी मला बोलावून घेतलं. चटया कुठल्याशा कारखान्यातल्या होत्या. रद्दी काथ्या, मध्ये प्लॅस्टिकची सुतळी, आणि वर पिवळाधमक रंग यावा, बुरशी धरू नये म्हणून औषधात बुडवून काढलेल्या. वास तोच. दुपारी शेट, तोच ब्लँकेटांचा पुरवठादार, स्वतः गोदामात आला होता. बायकांच्या रांगेतून फिरला आणि बाईंपाशी थांबून म्हणाला, मावशी, जरा हात चालवा. हे सांगताना बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि परत पाहायला मिळालं नाही तर बरं, असंही मनात आलं. "माका मावशी म्हणालो, नीता. आता माका घाई नाय."

जागतिक संस्थेचे लोक महिन्याभरात तपासणीला येणार होते. बाईंनी तोच दिवस धरला. त्याआधी त्यांनी शेडमध्ये सगळ्या बायकांना बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. ब्लँकेटं, पेटी, औषध, सगळं. मग म्हणाल्या की हा माणूस पडला की त्याच्याबरोबर आपलं कामही पडेल, आणि तरी मी त्याला पाडणार आहे.

शेडमध्ये गलका झाला. मीच पहिली उभी राहिले. म्हटलं, बाई, एवढं काम पुरं होऊ दे, पावसाळा निघून जाऊ दे, मग काय ते करा. दुसरी म्हणाली, तुमचं पेन्शन आहे, आमचं काय. तिसरीने तर तोंडावर सांगितलं की तुमचं आफ्रिकेतलं भांडण तुम्ही आमच्या चुलीवर शिजवताय. बाई सगळं ऐकत राहिल्या. कोणालाही खोटं पाडलं नाही.

"खरां आसा," त्या म्हणाल्या. "माझो सूड तुमच्या ताटातसून जातलो. ह्यां माका ठावक आसा. पण मी तुमका विचारूक नाय इलंय. सांगूक इलंय."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, तो खोटा नव्हता. अजूनही त्या वाक्याशी माझं पुरतं जमलेलं नाही. पण सुलभा मागे भिंतीला टेकून बसली होती. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली की ह्यां औषध आपल्या हाताक लागला, तां तिकडल्या पोरांच्या पाठीक लागतला, तेंच्या तर अंगाखालीच चटई. मग कोणी हरकत घेतली नाही. कोणी होही म्हटलं नाही.

तपासणीच्या दिवशी शेटांनी आमच्या शेडला झेंडूची तोरणं लावली. शहाळी, स्वागतगीत, टाकीपाशी फोटो. तपासणीला दिल्लीच्या कार्यालयातून एक तरुण अधिकारीबाई आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर एक मदतनीस. शेट आमच्या टाकीविषयी असं बोलत होता, जणू त्यानेच ती आपल्या हातांनी बांधली. खरेदीबाई मागच्या रांगेत होत्या, पण आज लुगड्यात नाही. इस्त्रीचा राखाडी स्कर्ट, पांढरा ब्लाउज, केस घट्ट बांधलेले. त्या कचेरीत जायच्या तेव्हाचे कपडे. गाणं संपल्यावर त्या पुढे आल्या, अधिकारीबाईंशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलल्या, आणि मग आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून शुद्ध मराठीत म्हणाल्या की परतीच्या वाटेवर तळेरे लागतं, तिथलं गोदाम बघितल्याशिवाय या तपासणीला अर्थ नाही. सुलभाने पुढे येऊन आपले दोन्ही तळवे अधिकारीबाईंसमोर धरले. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

शेट म्हणाला, ते गोदाम आपलं नाही.

बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझं नाव सेवेरीना लोबो. तुम्ही माझ्या टेबलावर आंब्याची पेटी ठेवली होती."

त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. तो आठवायचा प्रयत्न करत होता, अगदी प्रामाणिकपणे. "कुठली पेटी?" तो म्हणाला. "आम्ही दर वर्षी पेट्या वाटतो, बाई. कोणाकोणाला दिल्या, काय लक्षात राहणार."

"म्हणून मी ठेवलं लक्षात," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. अधिकारीबाई निघायच्या घाईत, मी घामाघूम, आणि खरेदीबाई बशीत ओतून, फुंकर घालून चहा पीत होत्या. तो संपला तर आणखी अर्धा मागितला. शेट अंगणाच्या कोपऱ्यात फोन कानाला लावून पाठमोरा बोलत होता. मी कानाशी जाऊन म्हटलं की तो माल हलवायला सांगतोय, आपण उठूया. त्यांनी नकाराची मान हलवली. "गोदामाचा कुलूप आपणाक कोण उघडून देतलो? तेचां तेनाच उघडूक होयां."

अधिकारीबाईंच्या गाडीत पुढे खरेदीबाई, मागे आम्ही. शेटची गाडी आमच्या मागून. घाटीच्या वळणांवर ती आरशात दिसायची, आणि बाई आरसा बघत बसल्या होत्या. तळेऱ्याला पोचलो तेव्हा गोदामाची दोन्ही दारं सताड उघडी होती. एक ट्रक अर्धा भरलेला. पिवळ्याधमक चटयांच्या थप्प्या रस्त्याच्या कडेला, उन्हात, एसटीची वाट बघणाऱ्या लोकांच्या पुढ्यात. कारखान्याचे शिक्के अजून गठड्यांवर होते. त्यांच्या शेजारीच आमच्या नावाच्या पट्ट्यांचा ढीग. अधिकारीबाई आत गेल्या आणि रुमाल नाकाशी धरून बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरेदीबाईंनी एका चटईच्या पोटातून सुतळी ओढली, काडी पेटवली. ती वितळून तिची गोळी झाली. बाईंनी ती गोळी गरम असतानाच शेटच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि रस्ता ओलांडून रसवंतीच्या बाकावर जाऊन बसल्या. मागे वळून त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याचं काम गेलं. पुढची अनेक वर्षं त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही, असं त्या जागतिक संस्थेने ठरवलं, आणि तसल्या इतर संस्थांनीही. आमचं कामही गेलं, बाई म्हणाल्या होत्या तसंच. आमची नावं त्याच्या मालावर शिवली होती, आणि शिवणाऱ्याही आम्हीच. शेड शांत झाली. काही बायका आंब्याच्या कॅनिंगला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. कोणीतरी बाईंच्या फाटकात काथ्याचा भुसा आणून ओतला. बाईंनी तो झाडून आपल्या माडाच्या बुंध्यात घातला. कोणी टाकला ते त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटतं. त्या बाईच्या मुलीच्या बारशाला त्यांनी चांदीचे वाळे दिले.

त्या वर्षी मी त्यांच्याकडे मुद्दाम आंबे घेऊन गेले. आता तरी खातील, असं मला वाटलं होतं. त्यांनी परडीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. "तेका पेटीच आठवना नाय," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्सां ज्येका धरून बसलंय, तेच्या लेखी मी नव्हतंयच." परडी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या की ज्यांनी चौकशी केली ते वरिष्ठ हारतुरे घेऊन निवृत्त झालेत, त्यांच्याबद्दल लिहिलं तर प्रकरण जुनं आहे असं उत्तर आलं. आंबे मी परत नेले.

पण त्या थांबल्या नाहीत. वर्षभर त्या अधिकारीबाईंच्या मागे लागून त्यांनी आमची संस्था थेट पुरवठादार म्हणून घ्यायला लावली. मध्ये शेट नाही, दलाल नाही. जे काम आलं ते आधीच्या मानाने लहान होतं. चटया आमच्या टाकीतल्या काथ्याच्या. गठड्या बांधताना बाई मधलीच चटई ओढून बघत, आमचीसुद्धा. मी एकदा चिडून विचारलं, आमच्यावरही विश्वास नाही का. तर म्हणाल्या, पोरांच्या पाठीला विश्वास लागत नाही.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. आम्ही आळीपाळीने सोबतीला राहायचो. भुसा टाकणारीही यायची. एका सकाळी फादर आले. वयाने तरुण, सरळ माणूस. प्रार्थना झाल्यावर त्यांनी बाईंना हळूच सांगितलं की मुंबईचा एक गृहस्थ त्यांच्याकडे आला होता. त्याला फार पश्चात्ताप झालाय. बाईंनी माफ केलं असं दोन शब्दांत कळवलं, तर ती जागतिक संस्था त्याच्यावरची बंदी उठवायचा विचार करील. मग फादर म्हणाले की ते सोडून द्या, तुमच्या मनाच्या शांतीसाठी तरी त्याला माफ करा.

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी विचारलं, "फादर, चर्चच्या आवारात छपराचे नवीन पत्रे येऊन पडलेत म्हणतात. कोणी दिले?"

 फादरचा चेहरा असा उतरला की मला त्यांची कीव आली. देणगी देणाऱ्याचा आणि या निरोपाचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"माफी माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा. "माझी नोकरी गेली, ती मी केव्हाच सोडून दिली. ज्या पोरांच्या पाठी सोलल्या त्यांनी मला वकीलपत्र दिलेलं नाही. त्यांच्या वतीने माफ करायला मी कोण? त्याने तिथे जावं. एकेकाला शोधावं. ती पोरं आता मोठी झाली असतील." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "माका शांती नुको गो. पाणी दी."

तीन-चार दिवसांनी त्या गेल्या. धो धो पाऊस होता. आम्ही त्यांना चर्चमध्ये आणलं तेव्हा आवारात पत्र्यांची थप्पी नव्हती. फादरनी ती आदल्या दिवशी टेम्पोत घालून तळेऱ्याच्या रस्त्याने शेटकडे परत धाडली होती. कोणाला काही सांगितलं नव्हतं. टेम्पोवाला सुलभाच्या नात्यातला, म्हणून आम्हाला कळलं. जुनी कौलं जागोजाग गळत होती. आम्ही सगळ्या काथ्यावाल्या बायका मागच्या बाकांवर बसलो होतो. फादर भिजत प्रार्थना म्हणत होते आणि वेदीसमोर बाईंच्या पेटीवर पाणी ठिबकत होतं. सुलभा उठली, आपली छत्री उघडली आणि पेटीवर धरून प्रार्थना संपेपर्यंत तशीच उभी राहिली.